आईच्या गायरीतला कप

पाऊस तोंडावर यायच्या आधी आमच्याकडे गायरी उपसतात. गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात, घरामागे एखादी असतेच. त्या वर्षी ट्रॉली भरता भरता आई खोऱ्याच्या टोकावर काहीतरी घेऊन अंगणात आली. नळाखाली धरलं, पदराला पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पारदर्शक कप, तळाशी हिरवं पान छापलेलं.

"कुजतंय म्हणालीस खरं, हे तर नवंच हाय की गं."

आमच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. तेव्हा आईचं वाक्य जितकं साधं दिसतं तितकं साधं नव्हतं.

तो कप चौदा महिन्यांपूर्वी मीच पुरला होता. पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा; वनस्पतीपासून केलेलं, कुजणारं म्हणून विकतात ते प्लास्टिक. मका किंवा ऊस यांच्या साखरेवर जिवाणू वाढवायचे, त्यांनी केलेलं लॅक्टिक आम्ल घ्यायचं (दह्याला आंबटपणा येतो तेच), त्याचे दोन दोन रेणू जुळवून लॅक्टाइडची कडी करायची आणि ती कडी उघडून लांब साखळी विणायची. वॉलेस कॅरोथर्सने हे १९३२ मध्येच करून पाहिलं होतं, पण त्याच्या साखळ्या आखूड राहिल्या. माझी डॉक्टरेट याच घराण्यातल्या पदार्थांवरची. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण हातात खोरं घेतलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

उत्तर आईनेच काढलं. कप टाकवेना म्हणून तिने तो म्हशीचा कोंडा मोजायला ठेवला. पुढे एकदा बंबातलं कढत पाणी त्यात ओतलं आणि कपाने मान टाकली. कड वाकली, बूड फुगलं, चुरगाळलेल्या पानासारखा झाला. "एक वर्ष शेणात बसला तवा काय झालं नाही, आणि पाण्याला भ्यालं." बरोबर साठ अंशांच्या आसपासची गोष्ट आहे ही. त्याखाली पीएलएच्या साखळ्या गोठून बसलेल्या असतात. पाणी त्यांची जोडणी तोडू शकतं, पण इतकं सावकाश की आपण वाट बघत बसू नये. साठ अंशांजवळ साखळ्या हलू लागतात, पाणी आत शिरतं, तुकडे पडतात आणि मग जिवाणूंचं काम सुरू होतं. मोठ्या कंपोस्ट कारखान्यात ढीग तेवढा तापतो. आईच्या ओल्या, न उलटलेल्या गायरीत मी थर्मामीटर खुपसून पाहिला तेव्हा बाहेर २७ आणि आत ३४ अंश होते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी कप पुरलाच होता, आणि तो कुजेल अशी मनातून आशाही केली होती. शिकलेली माणसं असं करतात.

मी या धंद्यात कशी आले ते सांगताना लोक कळकळीची कारणं ऐकायला बसतात. माझं कारण कुरडई आहे. उन्हाळ्यात आई गहू तीन दिवस भिजवायची, वाटून गाळायची, पातेलं रात्रभर ठेवायची. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढरा चीक. तो शिजवताना एका क्षणी पातळ दुधाचा घट्ट, चकचकीत गोळा होतो. तो क्षण मला फार आवडायचा. परातीच्या कडेला राहिलेला चीक उन्हात वाळला की पापुद्रा सुटायचा; तो आम्ही भावंडं उजेडापुढे धरून आरपार बघायचो आणि मग खायचो. माझ्या आयुष्यातली ती पहिली फिल्म, म्हणजे प्लास्टिकच्या कागदासारखा पातळ पापुद्रा. आणि कुरडया वाळत कशावर घातलेल्या? युरियाच्या जुन्या पोत्यातून काढलेल्या प्लास्टिकवर. हा विनोद मला पंधरा वर्षांनी कळला.

धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एमएस्सीला गेले तेव्हा त्या क्षणाचं नाव समजलं: स्टार्चच्या कणांचं जिलेटिनीकरण. कण पाणी पितात, फुगतात, आतली शिस्त मोडते. अमायलोजच्या सरळ साखळ्या बाहेर येतात, अमायलोपेक्टिनच्या फांद्या पसरतात. त्यात ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, घातलं तर थंड झाल्यावरही गोळा मऊ राहतो आणि गरम दाबाखाली प्लास्टिकसारखा वाहतो. पीएचडीला विषय निवडायचा आला तेव्हा मी रताळं म्हणाले. सर हसले. आमच्या भागात रताळ्याचं पीक केवढं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पावसात वेल लावायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढायचं, बेळगावच्या मार्केट यार्डातून ट्रक उत्तरेकडे जातात. पण बारकी, चिरलेली, किडकी रताळी यार्डात कुणी घेत नाही. ती जनावरांपुढे पडतात. दादा म्हणाला, "ने की पाहिजेल तेवढी. पैसे नकोत. पोती परत आण."

रताळ्याचा स्टार्च काढणं म्हणजे आईचा चीकच, फक्त पांढऱ्या कोटात. किसायचं, मलमलच्या फडक्यातून पिळायचं, निवळू द्यायचं. किसलेलं रताळं हवा लागली की काळवंडतं, म्हणून पाण्यात चिमूटभर मेटाबायसल्फाइट. दहा किलो कच्च्या मालातून मला साधारण सव्वा किलो कोरडा स्टार्च मिळायचा. त्यात ग्लिसरॉल मिसळून काढलेली फिल्म पहिल्या दिवशी रेशमासारखी असायची. मी ती हॉस्टेलच्या मुलींना दाखवत फिरायचे. तीन आठवड्यांनी तीच फिल्म घडी घालताना मोडायची. शिळा भात टणक का होतो? मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात म्हणून. माझ्या फिल्मचंही तेच व्हायचं. ग्लिसरॉल वाढवलं तर मोडायची नाही, पण जुलैत कपाटात चिकट व्हायची, कारण ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं. धारवाडच्या उन्हाळ्यात कुरकुरीत आणि बेळगावच्या पावसात घामट. पाच वर्षं मी या दोन ऋतूंच्या मधली वाट शोधत होते.

त्याच काळात घरी माझ्यासाठी स्थळं बघत होते. मुलगी काय करते, याला आईचं ठरलेलं उत्तर: "प्लास्टिक करती." एका घरून निरोप आला की आमच्याकडे बादल्यांचं दुकान नाही. असो.

पुढची आठ-नऊ वर्षं मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात होते. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या करायचे. तिथे जे शिकले ते विद्यापीठात कुणी शिकवलं नसतं. पहिली गोष्ट म्हणजे 'वनस्पतीपासून' आणि 'विघटनशील' हे दोन वेगळे शब्द आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन करतात. ते उसाचं असूनही नेहमीच्या पिशवीइतकंच चिवट, कुजत नाही. उलट पीबीएटी नावाचं पॉलिमर मुख्यतः खनिज तेलातून येतं आणि कंपोस्टमध्ये कुजतं. आमच्या पिशवीत पीबीएटी जास्त आणि स्टार्च साधारण तिसरा हिस्सा होता. मालकांना पिशवीवर कणसाचं चित्र हवं होतं आणि खाली 'संपूर्ण वनस्पतीजन्य'. मी म्हणाले, तिसरा हिस्सा म्हणजे संपूर्ण नव्हे. ते म्हणाले, मॅडम, गिऱ्हाईक रसायनशास्त्र वाचत नाही. चित्र छापलं गेलं. त्या दिवसापासून मी तिथून निघायच्या तयारीला लागले, जरी निघायला आणखी तीन वर्षं लागली. घराचा हप्ता होता.

प्रमाणपत्राच्या चाचणीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण 'सर्टिफाइड' हा शब्द लोक देवाच्या अंगाऱ्यासारखा वापरतात. आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागतं, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय अशी पिशवी विकता येत नाही. चाचणीत मुरलेलं कंपोस्ट बरण्यांमध्ये भरतात, त्यात पदार्थाचा चुरा मिसळतात, ५८ अंशांवर ठेवतात आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली ओलसर हवा सोडत राहतात. बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. जिवाणूंनी पदार्थ खाल्ला तर तो श्वासातून बाहेर पडणारच. काही बरण्यांत नुसतं कंपोस्ट, काहींत तुलनेला सेल्युलोज, म्हणजे हमखास कुजणारा वनस्पतींचा तंतू, काहींत आपला नमुना. १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बन वायू होऊन गेला पाहिजे. शिवाय बारा आठवड्यांत पदार्थ विरून दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, जड धातू मर्यादेत हवेत, आणि त्या कंपोस्टमध्ये बी नीट उगवलं पाहिजे.

बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याआधी आम्ही ही चाचणी कारखान्यातच लावली. मी हुशारी करून कंपोस्ट आईच्या गायरीतून आणलं, चार पोती, एसटीच्या टपावरून. पंचेचाळीस दिवसांत सेल्युलोज निदान ७० टक्के कुजलं पाहिजे. नाहीतर दोष कंपोस्टचा समजून सगळी चाचणी रद्द. आमचं सेल्युलोज ५२ वर अडलं. गायरीतलं खत ओलं, गोमूत्राने अमोनिया चढलेलं. त्यात मे महिन्यात वीज दोनदा रात्रभर गेली आणि बरण्या तिशीत उतरल्या. नापास झालो असतो तर निदान काहीतरी कळलं असतं. रद्द म्हणजे पास नाही, नापास नाही, दीड महिना गायब. दुसऱ्या वेळी पालापाचोळ्याचं नीट उलटलेलं, चाळलेलं कंपोस्ट घेतलं, इन्व्हर्टर बसवला आणि रोज सकाळी सात वाजता बरण्या हलवायला मी स्वतः जाऊ लागले. आमची पिशवी १४० व्या दिवसाच्या आसपास ९० च्या वर गेली. पेढे वाटले. आणि संध्याकाळी घरी बसल्यावर मनात आलं की ५८ अंशांची ही सोय आमच्या तालुक्यात कुठल्या गावात आहे?

दरम्यान बंदी आली. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये. मधली दोन वर्षं आमच्या सीमेवर मजेची होती. वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला राज्य बदलतं. अलीकडच्या टपरीवर पिशवी म्हणजे गुन्हा आणि हाकेच्या अंतरावर नियम वेगळा. नात्यागोत्यातले दुकानदार मला फोन करायचे, "ताई, तुमची ती कुजणारी पिशवी पाठवा." दर सांगितला की फोन बंद. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली तेव्हा पुन्हा तेच फोन, पुन्हा तोच दर. ज्यांनी स्वस्तात मागितलं त्यांना कुणीतरी 'ऑक्सो' पिशव्या विकल्या: साध्या पॉलिएथिलीनमध्ये रसायन घातलेल्या, उन्हात भुगा होणाऱ्या. भुगा म्हणजे कुजणं नव्हे, हे सांगून माझा घसा बसला.

कप गायरीतून निघाला तो या सगळ्याच्या मधल्या काळात. नोकरी सोडून गावी परतले तेव्हा मनाशी एवढंच होतं की आता ५८ अंशांसाठी काही करायचं नाही. आमच्या मातीच्या उष्णतेला, आमच्या पावसाला जे कुजेल ते करायचं.

सुरुवात मल्चिंग पेपरने, म्हणजे ओल टिकावी आणि तण दबावं म्हणून सरीवर अंथरतात त्या कागदाने, केली आणि चांगलीच तोंडावर आपटले. दादाच्या मिरचीत चार सऱ्यांवर माझी रताळी-स्टार्चची फिल्म अंथरली. पहिल्याच वळवाने तिची खळ झाली. दादा बांधावर उभा राहून म्हणाला, "मिरचीला पेज पाजलीस काय गं?" पुढच्या खेपेला पीबीएटी मिसळलं. ही फिल्म टिकली, पण जिथे कड मातीत दाबतो तिथे, बरोबर मातीच्या रेषेवर, आधी कुजली. मधला भाग धडधाकट आणि दोन्ही कडा सुटलेल्या. वाऱ्याने अख्खी पट्टी उचलून शेजारच्या जोंधळ्यात नेली. उरलेली गुंडाळी गोठ्यात ठेवली होती, ती उंदरांनी कुरतडली. स्टार्च आहे म्हटल्यावर त्यांचंही बरोबरच.

मग कुंडीकडे वळले. रोपवाटिकेत पपई, शेवगा काळ्या पॉलिथीन पिशवीत वाढवतात. लावताना ब्लेडने पिशवी फाडायची आणि बांधावर टाकायची. आमच्या बांधांवर त्या पिशव्या वर्षानुवर्षं दिसतात. स्टार्च काढून उरलेला रताळ्याचा चोथा, साखर कारखान्यातली उसाची चिपाडं आणि बांधायला थोडा स्टार्च अशी कुंडी दाबून करता येईल असं वाटलं. आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने आहेत. चिपाडं बहुतेक बॉयलरमध्ये जातात, तरी चार पोती कुणी नाही म्हणत नाही. पाण्याला टिकाव धरावा म्हणून कागद गिरण्यांची जुनी युक्ती घेतली: राळ आणि तुरटी.

साचा आणि दाबयंत्र उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून घेतलं. बेळगावात ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचं काम मुरलेलं आहे, त्यामुळे सिलिंडर जुना पण उत्तम मिळाला. मिस्त्रींनी चित्र बघून विचारलं, "मॅडम, ह्ये पापड दाबायचं हाय काय?" मी म्हटलं, जवळपास तसंच. साचा १४० अंशांवर, आत ओलसर लगदा, दाब दिला. दहा सेकंद काही नाही. मग धाडकन आवाज, साचा उघडला आणि लगदा मिस्त्रींच्या कॅलेंडरवर. लक्ष्मीच्या फोटोवरून चिपाडं निथळत होती. मी वाफेचा दाब, ओलाव्याची टक्केवारी असं काहीतरी पुटपुटत वहीत लिहायला लागले. मिस्त्रींनी शांतपणे फोटो पुसला, नमस्कार केला आणि ड्रिल मशीन चालू केलं. साच्याच्या वरच्या भागाला बारीक बारीक सोळा भोकं पाडली. "ओतकामात वाळूच्या साच्याला हवा जायाला वाट ठेवतोच की आम्ही. वाट नाही दिली तर धातूपण बाहेर उडतोय." पुढच्या दाबाला सोळा भोकांतून सोळा शिट्ट्या वाजल्या आणि साच्यातून तपकिरी, कोमट, गूळ-मातीच्या वासाची कुंडी निघाली. माझ्या वहीत त्या पानावर फक्त भोकांचा व्यास लिहिलेला आहे.

रोपवाटिकेत कुंड्या साठ दिवस टिकायला हव्यात. पहिल्या खेपेला पस्तीस दिवसांत बुडं गेली, कारण ओल्या जमिनीवर ठेवलेल्या होत्या. बांबूच्या मांडवावर ठेवल्यावर सत्तर दिवस टिकल्या. दर अजून काळ्या पिशवीच्या तिप्पट आहे. मला हे सांगायला आवडत नाही, पण विचारतील त्यांना पहिलं हेच सांगते. लावणीला मजूर कमी लागतो, मुळं दुखावत नाहीत, म्हणून काही रोपवाटिकावाले घेतात. बाकीचे कौतुक करतात.

गेल्या पावसाळ्यात दादाने बांधावर अकरा पपया कुंडीसकट लावल्या. तीन महिन्यांनी एक उकरून पाहिली. मुळं भिंतीतून आरपार गेलेली, भिंत बोटाने चुरडत होती, आत गांडूळ. मातीच्या वर राहिलेली कड मात्र तशीच कडक. कोरडी राहते ना. वर ती कड वातीसारखं आतलं पाणी ओढून हवेत सोडते, म्हणून कुंडी कडेसकट मातीखाली जायला हवी. हे मी दादाला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं.

आईने त्या अकराही कुंड्यांच्या कडा मोडून गायरीत टाकल्या. टाकताना एकेक करून मोठ्याने मोजल्या, मला ऐकू जाईल अशा. उपसताना हिशेब मागणार आहे.